एकतीस बैठका आणि हरवलेला अनुस्वार

ही वही मी स्वतःसाठी ठेवली होती. उगवत्या सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहायची साधना नऊ महिने करायची असं ठरवून सुरुवात केली आणि एकतिसाव्या बैठकीला गाडी थांबली. नोंदी ज्या त्या दिवशी लिहिल्या तशाच ठेवल्यात. नंतर कळलेलं 'मागाहून' म्हणून खाली जोडलंय. हेच करायच्या बेतात कुणी असेल तर आधी ६ डिसेंबरपासून वाचा, मग इथे परत या.

३ नोव्हेंबर, बैठक १, १० सेकंद

कारणं तीन: झोप नीट लागत नाही, चष्म्याचा नंबर दर दोन वर्षांनी बदलतो, आणि दिवसभर प्रुफं वाचून डोकं जड होतं. ओळखीतल्या एका काकांनी पद्धत सांगितली. पहिल्या दिवशी १० सेकंद, मग रोज १० सेकंद वाढवायचे. उगवल्यापासून तासाभराच्या आत. अनवाणी, मातीवर उभं राहून. ४४ मिनिटं झाली की थांबायचं, म्हणजे २६४ दिवस. तीन महिन्यांनी मन शांत, सहा महिन्यांनी शरीर निरोगी, नऊ महिन्यांनी भूक कमी. भुकेचं राहू दे, पहिले दोन टप्पे गाठले तरी पुष्कळ.

मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं होतं. दहा झाले का बघायला खाली पाहिलं तर आकड्यांवर हिरवा गोळा. आकडे दिसेनात, सतरा सेकंद झाले. उद्यापासून मोबाइल नको, श्वास मोजायचे.

४ नोव्हेंबर, बैठक २, २० सेकंद

श्वास मोजून जमत नाही, मध्येच घाई होते. वाजणारा टायमर घेतला.

७ नोव्हेंबर, बैठक ५, ५० सेकंद

खरी अडचण आज ध्यानात आली. अ‍ॅपमध्ये सूर्योदयाची वेळ दिसते ती सपाट क्षितिजाची. माझ्यासमोर इमारत आहे. सूर्य तिच्यावर येईपर्यंत पन्नास मिनिटं जातात. हात ताणून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते. मोजलं तर पहिलं दर्शनच मूठभर आणि वर एक बोट. म्हणजे 'उगवता' म्हणून मी जो पाहत होते तो चांगला वर आलेला सूर्य होता. गच्चीवर गेले, तिथे पंधरा मिनिटं आधी दिसतो. माती नाही, फरशी आहे. चालवून घेतलं.

मागाहून: गच्ची शोधली याचं त्या दिवशी केवढं कौतुक वाटलं होतं! 'पहिला तास सुरक्षित' हा नियम अतिनील निर्देशांकावर टेकवलेला असतो. तो निर्देशांक कातडी किती भाजेल हे सांगतो. डोळ्याच्या पडद्याला इजा करतो तो मुख्यतः निळा प्रकाश, आणि त्याचं मोजमाप त्यात नसतं.

१४ नोव्हेंबर, बैठक १२, १२० सेकंद

डोळे मिटल्यावर दिसणारं बिंब पहिल्या आठवड्यात दोन मिनिटांत विरायचं. आता नऊ मिनिटं टिकतं. आधी हिरवं, मग जांभळं, कडेला पिवळी रेघ. वहीत रंगीत पेन्सिलीनं काढून ठेवलं. 'ऊर्जा साठू लागली' असं शेजारी लिहिलंय.

मागाहून: हे वाक्य खोडावंसं फार वाटलं. ठेवलंय. थकलेल्या पेशी सावरायला जास्त वेळ घेत होत्या आणि मी त्याला प्रगती म्हणत होते. मोजमाप अचूक, अर्थ साफ उलटा.

२१ नोव्हेंबर, बैठक १६, १६० सेकंद

१८ ते २० ढग होते, म्हणून तीन दिवस बैठक नाही. पण उठले रोजच्याच वेळेला, गच्चीत अर्धा तास चालले, रात्री दहाला मोबाइल बंद. झोप मात्र सलग सहा तास, त्या तीन दिवसांतही. आजही तशीच. सूर्य न पाहता झोप कशी काय लागली? साठलेली ऊर्जा असेल.

मागाहून: उत्तर समोर होतं आणि मी ते स्वतःच्या हातानं लिहून पुढे गेले. डोळ्यात काही पेशी अशा असतात की त्या चित्र पाहत नाहीत, उजेड किती आहे एवढंच मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. २००२ च्या सुमारास त्या सस्तन प्राण्यांत सापडल्या. त्यांना सकाळचं मोकळं आकाश पुरतं, ढगाळ असलं तरी. सूर्याच्या डोळ्याला डोळा भिडवायची त्यांना गरज नाही. तीन ढगाळ दिवसांनी फुकटात प्रयोग करून दाखवला होता.

२८ नोव्हेंबर, बैठक २३, २३० सेकंद

डोळ्यांतून पाणी येतं, मध्ये मध्ये पापणी लवते. लवली तर वेळ धरायची की नाही? कुणी नीट सांगत नाही. मी धरते.

५ डिसेंबर, बैठक ३०, ३०० सेकंद

पाच मिनिटं पूर्ण! आज धुरकट होतं, सूर्य तांबूस. तिसऱ्या मिनिटाला बिंब मधोमध निळसर झालं आणि कड थरथरायला लागली. निळं शांत तबक, भोवती चांदीची रेघ. इतकं सुंदर काही मी आजवर पाहिलेलं नाही. नंतर दहा मिनिटं बोलावंसं वाटेना.

मागाहून: सुंदर होतं हे आजही नाकारत नाही. पण निळा सूर्य नव्हता झाला, माझ्या डोळ्यातली रंगांची वजनं बदलली होती.

६ डिसेंबर, बैठक ३१, ३१० सेकंद

रात्री पाऊस झाला. सकाळी आकाश धुतल्यासारखं. सूर्य तांबूस नाही, पांढरट पिवळा. पहिल्याच मिनिटाला डोळे मिटायला लागले, पण तक्त्यात ३१० लिहिलं होतं, म्हणून ३१० केले.

मागाहून: सगळ्यात मोठी चूक ही. तक्ता सेकंद मोजतो, उजेड मोजत नाही. कालच्या धुरक्यात निळा प्रकाश बराचसा विखरून वाटेतच गळत होता. आजच्या स्वच्छ हवेत तो सरळ आत आला. कालचे ३०० आणि आजचे ३१० यांत फरक दहा सेकंदांचा नव्हता. आणि हे कळायला विज्ञान लागत नाही, डोळे सांगत होते मिटायला.

६ डिसेंबर, रात्री

एका गौरवग्रंथाची प्रुफं हातात आहेत. गौरवग्रंथात वंदनाला तोटा नसतो. 'वंदन'चं जिथे तिथे 'वदन' छापलेलं दिसलं. अकरा ठिकाणी समासात अनुस्वार घालायची खूण करून पानं पाठवून दिली. डीटीपीवाल्याचा फोन आला: "ताई, हे सगळे अनुस्वार आहेत की हो जागेवर!"

पानं परत मागवून पाहिली. 'वं'वर नजर ठेवली की टिंब जातं. नजर 'द'वर सरकवली की टिंब परत येतं आणि 'द'ची शेपटी तुटते. ज्या अक्षराकडे पाहावं तेच अर्धवट, आजूबाजूची सगळी ठणठणीत. उजवा डोळा झाकला की जरा बरं. डावा झाकला की 'वदन'.

दुखत काही नाही. सकाळपासून काहीच दुखलं नाही.

७ डिसेंबर

बैठक नाही. नजरेच्या मधोमध काही बिघडलंय का हे घरी तपासायचा अ‍ॅम्सलरचा तक्ता छापला. दहा सेंटिमीटरचा चौरस, पाच मिलिमीटरचे चौकोन, मध्ये टिंब. पहिल्यांदा प्रिंटरनं 'पानात बसवा' म्हणून तो आक्रसून दिला, चौकोन साडेचार मिलिमीटरचे आले. शंभर टक्के करून परत छापला. वाचायचा चष्मा लावायचा, ३० सेंटिमीटरवर धरायचा, एक डोळा झाकायचा, टिंबाकडे पाहायचं.

डावा: रेघा सरळ, टिंब जरा पुसट. उजवा: टिंबाभोवतीच्या रेघा आत ओढल्यासारख्या वाकलेल्या, एका चौकोनाएवढा भाग करडा. त्या अंतरावर एक चौकोन म्हणजे डोळ्याला एक अंश. सूर्य आकाशात अर्धा अंश भरतो, म्हणजे चौकोनाच्या निम्मा. नजर थोडी इकडे तिकडे हलते हे धरलं तर डाग बरोबर सूर्याच्या मापाचा. स्वतःच्या डोळ्यात सूर्याचा ठसा मोजायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

८ डिसेंबर

डोळ्यांचे डॉक्टर. उजवा ६/१२, डावा ६/९ (नीट नजर म्हणजे ६/६). बाहुल्या मोठ्या करून तपासलं, मग डोळ्याच्या पडद्याचं ओसीटी, म्हणजे प्रकाशानं काढलेलं त्याच्या थरांचं चित्र. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काकू, ग्रहण पाहिलंत का? वेल्डिंगच्या जवळ उभ्या होतात? लेझर?" सगळ्याला नाही म्हटलं आणि वही पुढे सरकवली. त्यांनी दोन पानं वाचली. "हे तुम्ही तारीखवार लिहून ठेवलंय!" त्यांना राग आला होता की हसू, कळलं नाही.

संगणकावर ते चित्र दाखवलं. डोळ्याच्या पडद्याचे थर भूस्तरासारखे दिसतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची एक उजळ रेघ सलग जायला हवी. माझ्या उजव्या डोळ्यात ती बरोबर मधोमध तुटलीय, बारीक खाच. सूर्याचं जे चित्र डोळ्याच्या पडद्यावर पडतं ते मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढं असतं. जागा एवढीशी, पण वाचन सगळं तिथेच चालतं.

दुखलं कसं नाही हे विचारलं. पडद्याला वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. शिवाय ही इजा भाजल्याची कमी, प्रकाशानं पेशींत होणाऱ्या रासायनिक क्रियेची जास्त. काही तासांनी उघडी पडते. म्हणून सकाळी सगळं छान आणि रात्री 'वदन'.

"औषध?" "खात्रीचं नाही. थांबायचं. बहुतेकांचं तीन ते सहा महिन्यांत बरंच भरून येतं. काहींचा ठिपका राहतो."

घरी येऊन बेरीज केली. ३१ बैठका मिळून ४,९६० सेकंद, म्हणजे ८२ मिनिटं ४० सेकंद. नऊ महिन्यांचा तक्ता पुरा केला असता तर काय झालं असतं, ती बेरीज केली नाही.

१३ डिसेंबर

काम बंद, गौरवग्रंथ दुसऱ्याकडे दिला. वेळ भरपूर आणि वाचता येत नाही, ही शिक्षा मुद्रितशोधकाला नेमकी आहे. भाचीला घेऊन बसले, ती वाचते, मी ऐकते. जे काम १ नोव्हेंबरला करायचं ते आता: मूळ प्रत काढून ताडून पाहणं.

'प्राचीन त्राटक' म्हणून मला जे सांगितलं होतं त्याची मूळ प्रत हठयोगप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशात आहे. अश्रू येईपर्यंत स्थिर नजरेनं पाहायचं, हे खरं. पण कशाकडे? 'सूक्ष्म लक्ष्य', बारीकशी खूण. सूर्याचं नाव त्या श्लोकात नाही.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ३७ वा श्लोक आहे. उगवत्या सूर्याकडे पाहू नये, मावळत्याकडे नाही, ग्रहण लागलेल्याकडे नाही, पाण्यातल्या प्रतिबिंबाकडे नाही, माथ्यावर आलेल्याकडे नाही. मनूचं सगळं मी मानते असं मुळीच नाही. पण 'आपल्या पूर्वजांनी हेच सांगितलंय' असं म्हणणाऱ्यांनी निदान पूर्वजांनी काय लिहिलंय ते उघडून बघावं. मीही त्यांतलीच.

आणि ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात देवांचा डोळा म्हणून उगवणाऱ्या त्या तेजाला उद्देशून म्हटलंय 'पश्येम शरदः शतम्'. शंभर शरद ऋतू पाहू दे. मागणं ऋतू पाहायचं आहे, त्यासाठी दृष्टी शाबूत लागते.

भाचीनं आणखी दोन गोष्टी वाचून दाखवल्या. न्यूटननं आरशातला सूर्य पाहण्याचे प्रयोग केले आणि डोळ्यांतली सूर्याची छाया जाईना म्हणून काही दिवस अंधाऱ्या खोलीत काढले. विल्यम बेट्स हा न्यूयॉर्कचा, चक्क नेत्रवैद्य, १९२० च्या आपल्या पुस्तकात डोळे सुधारायला सूर्याकडे पाहा म्हणून सांगत होता. डिग्री पाहून विश्वास ठेवायचा हाही नियम गेला.

२० डिसेंबर

सकाळची सवय मोडवत नाही. उठायचं, गच्चीत जायचं, सूर्याकडे पाठ करून चालायचं, हे सुरू ठेवलंय. झोप तशीच चांगली. मोबाइलच्या उजेड मोजणाऱ्या लक्स मापकानं (फार अचूक नसतं) खोलीत १८०, गच्चीवर सावलीत नऊ हजारांच्या वर. जमिनीवर नव्या सावल्या दिसतात. पानांमधून पडणारे कवडसे गोल असतात, हे इतकी वर्षं दिसूनही पाहिलं नव्हतं. पानांमधली भोकं वेडीवाकडी, कवडसे गोल. प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र.

मग ठरवलं: सूर्य भिंतीवर आणायचा.

२२ डिसेंबर, प्रयत्न १

पुठ्ठ्याला खिळ्यानं सहा मिलिमीटरचं भोक, एक मीटरवर पांढरा कागद. कडा पुसट झालेला गोळा, पंधरा मिलिमीटरचा. हिशेब चुकला. सूर्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट आहे, म्हणून भोक ते कागद हे अंतर १०८ ने भागलं की चित्राचा आकार येतो. जपमाळेचे मणी, लक्षात ठेवायला सोपं. एक मीटरला सव्वानऊ मिलिमीटर यायला हवेत. उरलेली सहा मिलिमीटर माझ्या भोकाची मेहेरबानी.

२४ डिसेंबर, प्रयत्न २

सुईचं भोक. आता इतकं अंधुक की दिसेना, आणि पुठ्ठा जाड असल्यामुळे भोकाच्या आतून धागे लोंबतात. अर्धा दिवस गेला. धागे नसलेलं भोक हवं तर पातळ धातू हवा: पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापून तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवायची आणि भोक फॉइलला पाडायचं.

२८ डिसेंबर, प्रयत्न ३

पूर्वेच्या खिडकीला पूर्ण पुठ्ठा लावला, फटी काळ्या टेपनं बंद, मध्ये फॉइल. समोरची भिंत चार मीटरवर. एक मिलिमीटरचं भोक अंधुक निघालं, म्हणून तीनपर्यंत मोठं केलं.

इथे आणखी एक गाढवपणा. भोक मोठं करताना नीट दिसावं म्हणून वाकून जवळ गेले आणि ऊन थेट डोळ्यात. क्षणभरच, पण दुखऱ्या डोळ्यात. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. भोकाचं काम सूर्य उगवण्याआधी करायचं, नाहीतर बाहेरून टेप लावून. आतून भोकाकडे पाहायचंच नाही. नजर नेहमी भिंतीकडे, खिडकी पाठीशी.

पण मग भिंतीवर तो आला. ३७ मिलिमीटरचा, फिकट, काठ किंचित मऊ. समोरच्या इमारतीच्या वर सूर्य येईपर्यंत काही नव्हतं, मग वरून एक चंद्रकोरीसारखा तुकडा, मग पूर्ण गोल. ढगाचा पुंजका सरकला तर तोही बिंबावरून सरकताना दिसला, उलट्या दिशेनं. सूर्य वर चढतो तसं बिंब भिंतीवरून खाली उतरतं. दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतकं. पेन्सिलीनं कड आखली की पुढच्या श्वासांत ते रेघ सोडून गेलेलं असतं.

वीस मिनिटं बसले. डोळे मिटले तर आत काहीच नाही. ना हिरवं, ना जांभळं.

६ जानेवारी

उजवा ६/९. अ‍ॅम्सलरवर डाग अर्ध्या चौकोनाचा, रेघा अजून वाकतात. डॉक्टरीणबाईंना भिंतीचा फोटो दाखवला. म्हणाल्या, "हे करा हवं तितकं."

ज्यांनी पद्धत सांगितली त्या काकांना फोन केला. ते म्हणाले, तुमची श्रद्धा डळमळली म्हणून झालं. त्यांना रागावून काही बोलले नाही. फक्त अ‍ॅम्सलरचा तक्ता पाठवला आणि एकेक डोळा झाकून बघा म्हटलं. उत्तर अजून नाही.

९ फेब्रुवारी

कामाला सुरुवात. टाइप मोठा करून, आधी उजव्या डोळ्यानं, मग सगळं पान पुन्हा डाव्यानं. वेळ दीडपट लागतो. दोन नेहमीची कामं हातची गेली.

आहाराबद्दल कुणी विचारेल म्हणून: भूक जशीच्या तशी आहे. 'ड' जीवनसत्त्वाचंही तसंच. ते कातडीत तयार होतं, डोळ्यात नाही, आणि ज्या अतिनील किरणांनी होतं ते उगवतीच्या उन्हात जवळपास नसतात. म्हणजे त्या हिशेबानंही वेळ चुकीची होती.

२० मार्च

बिंब भिंतीवर येईना. आधी वाटलं टेप सुटली. मग कळलं: डिसेंबरपासून उगवतीची जागा उत्तरेकडे सरकत आलीय, तेवढं बिंब दक्षिणेकडे गेलंय. चार मीटरवर हा सरक पावणेदोन मीटरच्या आसपास जातो, म्हणजे थेट कपाटाच्या दारावर. नवी चौकट करताना पुठ्ठ्यात तीन खिडक्या कापा, फॉइल हलवता येते. मी सगळा पुठ्ठा काढून परत लावला, एक रविवार गेला.

उजवा डोळा ६/६ वाचतो. ओसीटीतली खाच लहान झालीय, बुजलेली नाही. आज एका कवितासंग्रहाचं शेवटचं प्रूफ पाहिलं. 'मंद' शब्दावर थांबले. 'म'कडे नीट पाहिलं की टिंब अजून किंचित विरतं. 'द'कडे पाहिलं की जागेवर येतं. आता प्रत्येक अनुस्वार शेजारच्या अक्षरावरून पाहते.